आवाज फाटतोय, फाटू दे!

गणपतीत मंडळाचा स्पीकर जरा जास्त वाढवला की मागून कोणीतरी ओरडणारच, "अरे आवाज फाटतोय, कमी कर!" त्यामुळे फाटलेला आवाज म्हणजे बिघाड हे लहानपणापासून डोक्यात पक्कं बसलेलं. पुढे गिटार शिकायला लागलो, जुनी रेकॉर्डिंग्ज शोधून ऐकायला लागलो आणि तेव्हा कळलं की ज्या रॉकवर आपण जीव टाकतो ते बरंचसं या फाटण्यातूनच जन्माला आलंय.

१९५१ सालचं 'रॉकेट ८८' ऐका. आइक टर्नरचा बँड मिसिसिपीहून मेम्फिसला रेकॉर्डिंगसाठी निघाला आणि वाटेत गिटारचा अँप, म्हणजे आवाज मोठा करणारा स्पीकरचा डबा, बिघडला, कोणी म्हणतं गाडीवरून पडला, कोणी म्हणतं पावसात भिजला. स्टुडिओवाल्या सॅम फिलिप्सने काय केलं, तर स्पीकरच्या कोनमध्ये, म्हणजे आतल्या शंकूत, कागद कोंबला आणि तसंच वाजवा म्हणाला! गिटार अशी घरघरते की सॅक्सोफोनच वाटावा. हे पहिलं रॉक अँड रोल गाणं की नाही यावर लोक आजही भांडतात, मला त्या भांडणात रस नाही, मला तो कागद महत्त्वाचा वाटतो.

मग १९६१ला आलेल्या एका कंट्री गाण्याच्या नॅशव्हिलमधल्या रेकॉर्डिंगला मिक्सरचं एक चॅनल बिघडलं आणि बेस गिटारचा आवाज माशी गुणगुणल्यासारखा आला, तो लोकांना इतका आवडला की पुढच्याच वर्षी तसा आवाज काढणारी पायाने दाबायची डबी बाजारात आली. १९६५ला रोलिंग स्टोन्स बँडच्या कीथ रिचर्ड्सने 'सॅटिस्फॅक्शन'मध्ये तीच वापरली. पण माझा सगळ्यात लाडका किस्सा लंडनचा, १९६४चा. किंक्स बँडचा गिटारवाला डेव्ह डेव्हिस, वय वर्षं १७, त्याने स्वस्तातल्या छोट्या अँपचा कोन चक्क दाढीच्या ब्लेडने चिरला, आणि त्या फाटक्या कोनातून 'यू रियली गॉट मी' निघालं.

आता यातली गंमत अशी की आवाज फाटला की पूर्ण कॉर्ड, म्हणजे एकत्र छेडलेले सूर, नीट वाजत नाही, त्यातल्या गंधाराने सगळा चिखल होतो, म्हणून गिटारवाल्यांनी तो काढूनच टाकला आणि नुसते सा आणि प ठेवले. हाच तो पॉवर कॉर्ड. ब्लॅक सॅबथ बँडचा गिटारवाला, बर्मिंगहॅमचा टोनी आयोमी, त्याची बोटं १७व्या वर्षी कारखान्यातल्या मशीनमध्ये सापडली, दोन बोटांची टोकं गेली. पठ्ठ्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, तारा हलक्या लावल्या आणि पुढे १९७१च्या अल्बममध्ये काही गाण्यांना गिटार दीड सूर खाली उतरवली, म्हणजे तारा सैल, बोटांना त्रास कमी, आणि आवाज मात्र असा जड की छातीवर बसतो. ब्लॅक सॅबथ म्हणजे हेच, आणि हेवी मेटल तिथून धरतात.

हे सगळं वाचून झाल्यावर एकदा मिरजेला गेलो होतो, तंबोरे करणाऱ्यांच्या एका दुकानात जवारी, म्हणजे तारेचा झणका, काढताना बघत बसलो. कारागीर घोडीवर, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीवर, कानस मारतो, तार छेडतो, कान देतो, परत कानस. मग तारेखाली सुताचा दोरा घालून केसभर इकडे, केसभर तिकडे. आधी तार नुसती टणटण वाजत होती आणि एका क्षणी तिला असा झणका सुटला की एका तारेत चार सूर ऐकू यायला लागले. मी चकितच झालो. तार घोडीला घासते म्हणून तो झणका येतो, म्हणजे आपल्याकडेही साफ आवाज मुद्दाम थोडा खरखरीत करून घेतात आणि त्यालाच सुरेल म्हणतात! तंत्र वेगळं आहे हे मान्य, पण तंबोऱ्यावरही तेच सा आणि प ना.

घरी आलो, अँप सुरू केला, गेन, म्हणजे आवाज फाडणारं बटण, पूर्ण वर नेला आणि नुसता सा-प धरून बसलो, बराच वेळ.