वडिलांच्या सेइकोचे साल

वडिलांचे सेइको ५ आमच्या घरात 'एकाहत्तरचे, लग्नातले घड्याळ' म्हणूनच ओळखले जाई. पट्टा बदलण्यासाठी मी ते महाद्वार रोडजवळच्या एका घड्याळजींकडे नेले, तेव्हा डोळ्याला भिंग लावून मागचे झाकण पाहत त्यांनी विचारले, "लग्न नक्की कधीचं?"

झाकणावर दोन आकडे होते. ६११९ ने सुरू होणारा आकडा मशीनचा आणि केसचा, म्हणजे बाहेरच्या कवचाचा. दुसरा सहा अंकी, ३७ ने सुरू होणारा. त्या काळच्या सेइकोच्या सहा अंकी क्रमांकात पहिला अंक हा सालाचा शेवटचा अंक असतो आणि दुसरा महिन्याचा; ऑक्टोबरला शून्य, नोव्हेंबरला एन, डिसेंबरला डी. म्हणजे महिना जुलै आणि साल तीनवर संपणारे. दशक मात्र या क्रमांकावरून कळत नाही, ते मशीनवरून ठरवावे लागते. १९६३ मध्ये ६११९ निघालेलेच नव्हते आणि १९८३ च्या आधीच ७००९ हे त्यापुढचे मशीन बाजारात आलेले होते, त्यामुळे १९७३ एवढेच उरले.

मला खरे वाईट वाटले ते डायलचे. मूळ डायलवर सहाच्या खाली, अगदी काठाला, जपान आणि डायलचा क्रमांक मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेला असतो. आमच्या डायलवर तिथे नुसता निळा रंग होता, आणि वार-तारखेच्या खिडकीच्या कडेला तो रंग साठून जाड झालेला दिसत होता. डायल केव्हातरी पुन्हा रंगवलेले होते, आणि इतकी वर्षे आम्ही त्याच निळ्या रंगाचे कौतुक करत आलो होतो.

वार बदलण्यासाठी घड्याळजींनी चावी दाबली, तेव्हा इंग्रजी वारानंतर खिडकीत अरबी अक्षरे आली. आखाती देशांत विकायच्या घड्याळांत वाराची चकती अशी दुभाषी असे. मामांनी ते कुवेतहून आणल्याची गोष्ट तेवढी खरी निघाली.

घरी येऊन आईला साल सांगितले. ती जरा विचारात पडली आणि म्हणाली, "लग्नात दादा कुठला कुवेतला? तेव्हा तो इचलकरंजीत मागावरच होता की. पहिल्यांदा सुट्टीवर आला त्या दिवाळीला आणलं असंल." जुलैमध्ये तयार झालेले घड्याळ त्याच वर्षीच्या दिवाळीला घरी पोहोचणे मला पटले. डायल तसेच ठेवले आहे, पट्टा मात्र नवा घातला.