तुम्ही विचारलंत म्हणून: गायनमंडळ का सोडलं नाही

विचारताना तुमचा आवाज आपोआप खाली येतो, आजाऱ्याची चौकशी करावी तसा. "तुम्हाला डावलून त्या मुलाला पुढारी केलं, तरी तुम्ही अजून चर्चच्या त्याच गायनमंडळात गाता? रागच येत नाही का हो तुम्हाला?" आणि मी काही बोलायच्या आत "तुमचा विश्वासच मोठा" असं म्हणून मोकळे होता. म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

राग आला. अजूनही येतो.

कमिटीत कोण काय म्हणालं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, ते राहू दे. तो मुलगा वाईट नाही. गळा चांगला आहे, आणि तरुण पोरं त्याच्यामुळे सरावाला येतात. माझ्यामुळे येत नव्हती. हे मी मोठेपणा मिरवायला सांगत नाही. सांगताना जड जातं, एवढंच.

निवडीचं दुःख मी गिळलं असतं. घशात अडकली ती फाइल.

आधीचे पुढारी गेल्यापासून सराव मीच घेत होते. पद नव्हतं, कुणी दिलं नाही, मीही मागितलं नाही. त्या काळात एक फाइल तयार झाली. प्रत्येक गीताला एक पान: पट्टी कुठली घ्यायची, तिसऱ्या कडव्याआधी श्वास कुठे घ्यायचा, आल्टोवाल्यांचा, म्हणजे खालच्या सुरात गाणाऱ्या बायकांचा, सूर नेमका कुठे उतरतो, कुणाला पहिल्या रांगेत उभं केलं की मागचे सावरतात. सगळं पेन्सिलीने, कारण माणसं बदलायची आणि खोडावं लागायचं. नाव जाहीर झालं त्या रविवारी उपासना संपल्यावर मी ती फाइल त्याच्या हातात दिली. तो उभ्याउभ्याच पानं उलटत गेला. एका पानावर बोट ठेवून थांबला. "अरे वा! हे कुणी लिहून ठेवलंय? फार कामाचं आहे." अक्षर माझं, आणि मी हातभर अंतरावर उभी. शेजारी कमिटीतले दोघं होते. त्यातल्या एकाने पानाकडे नजर टाकली आणि म्हणाला, "जुनं असेल काहीतरी." मी म्हणाले, "असेल कुणाचं तरी," आणि खुर्च्या उचलायला लागले.

कुणी ऐकलं, कसं पसरलं कुणास ठाऊक, पण "असेल कुणाचं तरी" या माझ्या तीन शब्दांचं कौतुक मी आजवर ऐकते आहे. केवढी नम्रता! कसली नम्रता? त्याला पुढे कधीतरी कळावं, चारचौघांत कळावं आणि त्याची मान खाली जावी, एवढ्यासाठी मी गप्प बसले. खुर्च्या एकावर एक ठेवताना तो प्रसंग मी मनात रंगवतही होते. पण त्याच वेळी, पुढच्या रविवारी त्या खुणांमुळे गीत घसरणार नाही, याचं बरंही वाटत होतं. ते खोटं नव्हतं. दोन्हींतलं किती कुठलं, हे मला वेगळं काढता येत नाही, आणि तुम्हीही काढू नका.

मग तुम्ही बायबलमधल्या दावीद राजाची गोष्ट सांगता. नवा राजा निवडायला आलेल्या शमुवेल संदेष्ट्यापुढून इशायाचे सात मुलगे गेले, धाकटा दावीद मेंढरांमागे, त्याला बोलवायचंही कुणाला सुचलं नाही, आणि अभिषेक झाला तो त्याचाच. गोष्ट मला आवडते. पण तिच्या शेवटी मुकुट आहे. मला ती ऐकवली जाते तेव्हा "थांबा, तुमचाही मुकुट येतोय" असंच ऐकू येतं. मला माझ्या जवळचा वाटतो तो बर्सबा. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात पहिल्याच अध्यायात आहे. येशूला धरून देणाऱ्या यहूदाची बारा प्रेषितांमधली जागा भरायची होती. अट अशी, की योहानाच्या बाप्तिस्म्यापासून प्रभू वर घेतला जाईपर्यंत जो सतत बरोबर होता, असाच माणूस हवा. दोघं उभे केले: योसेफ बर्सबा, ज्याला युस्तही म्हणत, आणि मत्थिया. प्रार्थना झाली, चिठ्ठ्या टाकल्या, मत्थियाचं नाव निघालं. बर्सबा पात्र होता, सगळा काळ हजर होता, आणि त्यानंतर पवित्र शास्त्रात त्याचं नाव कुठेच नाही. त्या संध्याकाळी तो घरी कसा गेला असेल? (नाव मत्थियाचंही पुढे येत नाही, म्हणा. या विचाराने मला जरा जास्तच समाधान मिळतं.)

तेव्हाची मी म्हणायची, देव बघतोय, मग माणसांनी बघायची काय गरज? आता मी तिला विचारते, मग खुर्च्या उचलताना कोण बघतंय हे तू का पाहत होतीस? तीही गप्प बसत नाही. म्हणते, आणि तू हे सगळं लिहून काढते आहेस ते कशासाठी? यावर मी निरुत्तर.

त्याच पुस्तकातली फिलिप्पै शहरातली हकीकत मात्र मी तिच्यापुढे टाकते. प्रेषित पौल आणि त्याचा सोबती सीला यांना चौकशी न करता भर चौकात छड्या मारल्या, तुरुंगात टाकलं, आणि सकाळी अधिकाऱ्यांनी निरोप धाडला, सोडून द्या त्यांना. पौल हलला नाही. आम्ही रोमी नागरिक. मारलंत उघड आणि काढून देता गुपचूप? स्वतः या आणि आम्हाला बाहेर न्या, म्हणाला. ते आले, विनवण्या केल्या. आणि दुसऱ्याला आपल्यापेक्षा श्रेष्ठ माना, हे याच पौलाने पुढे लिहिलं ते याच फिलिप्पैच्या मंडळीला. म्हणजे नम्र माणसाने बोलूच नये, असं त्याला तरी वाटत नसावं.

म्हणून मी कमिटीकडे गेले. फाइल माझी आहे, आणि मला विचारायला हवं होतं, एवढंच बोलले. उत्तर आलं, "ताई, तुम्ही कधी बोललाच नाहीत. आम्हाला वाटलं, तुम्हाला नकोच असेल." हे अर्धं खरं होतं, आणि त्या अर्ध्यानेच मला जास्त झोंबलं. माफी कुणी मागितली नाही. त्या मुलाने मात्र दुसऱ्या दिवशी फोन केला आणि माफीबिफी न मागता विचारलं, "त्या पानावर दोन फुल्या आहेत, त्या कशाच्या?" सांगितलं त्याला.

गाते कारण मला गायचं असतं, आणि ज्याच्यासाठी गाते त्याने मला कधी डावललं नाही, असा माझा विश्वास आहे. हा विश्वास राग घालवतो का, म्हणाल तर रविवारी बराचसा घालवतो. बुधवारी सरावाला तो मुलगा गीत अर्धी पट्टी वर उचलतो, तेव्हा नाही.