आई-आबांची 1971 सालची पत्रे जपताना

आबा 1971 साली पश्चिम सीमेवर होते आणि आई अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावी, एकत्र कुटुंबात राहत होती. त्या काळात दोघांनी एकमेकांना लिहिलेली पत्रे आबांच्या काळ्या लोखंडी ट्रंकेत होती. आईची पत्रेसुद्धा त्यांनी आघाडीवरून जपून परत आणली होती. आबा गेल्यानंतर ती नीट जतन करण्याचे काम मी हाती घेतले. खानदेशात फौजेत गेलेल्या माणसांच्या घरी अशा ट्रंका अजून असतील, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

बहुतेक पत्रे निळ्या अंतर्देशीय कागदावर आहेत. लष्करी टपालात ठिकाणाचे नाव लिहायला मनाई असल्याने पत्त्यात युनिट आणि ‘56 एपीओ’ (लष्करी टपाल कार्यालयाचा क्रमांक) एवढेच दिसते. गावी आलेले पत्र आजोबा ओसरीवर मोठ्याने वाचत आणि मग आत देत. त्यामुळे मधला सगळा मजकूर दादर ज्वारी कशी आली, कपाशीला भाव काय मिळाला, बैल बरा झाला का, असाच आहे. आईसाठीचे शब्द आबा कागदाच्या घडीत, डिंकाच्या पट्टीच्या आतल्या बाजूला, अगदी बारीक अक्षरात लिहीत. वरचे पत्र शाळेतल्या मराठीत असे, पण या घडीत ते अहिराणीत बोलत: ‘तू कशी शेस?’ आईची उत्तरेही त्याच जागी आहेत. जुना कागद सर्वांत आधी घडीवरच तुटतो, आणि त्यांचे प्रेम नेमके तिथेच लिहिलेले आहे. पानाचा नुसता फोटो काढून हे काम होणार नाही, घडी वाचवली पाहिजे, हे मला तेव्हाच पटले.

पहिली परवानगी आईची घेतली. तिने सर्व पत्रे स्वतः पाहिली आणि काही बाजूला काढून आपल्याजवळ ठेवली. ती मी वाचलेली नाहीत, तो अधिकार तिचाच आहे.

ट्रंकेच्या तळाशी वर्तमानपत्र अंथरलेले होते. वर्तमानपत्राच्या कागदातले आम्ल शेजारच्या कागदात उतरते आणि तो पिवळा, ठिसूळ होतो, म्हणून ते आधी काढून टाकले. टाचण्या गंजून कागदाला चिकटल्या होत्या. टाचणी आणि कागद यांच्यामध्ये पातळ प्लॅस्टिकची पट्टी सरकवून त्या सावकाश सोडवल्या. कसरीची विष्ठा आणि धूळ मऊ कुंचल्याने मधून कडेकडे झटकली. एका दुकानात पत्रे लॅमिनेट करून घ्या, कायमची टिकतील, असा सल्ला मिळाला. तो मी मानला नाही, कारण उष्णतेने चिकटवलेले प्लॅस्टिक पुन्हा सुटत नाही आणि आतला कागद खराब होतच राहतो. चिकटपट्टीही टाळली, कारण तिचा गोंद काही वर्षांत पिवळा होऊन शाईत पसरतो.

घड्या उलगडण्यात सर्वाधिक काळजी घ्यावी लागली. कागद ओलसर केला की घडी सहज सुटते, परंतु आबांची शाई फाउंटन पेनची आहे आणि ती थेंबभर पाण्यानेही पसरली असती. त्यामुळे घडी हाताने जेवढी सुटेल तेवढीच उलगडली आणि पत्र टीपकागदांमध्ये, वर काच ठेवून, राहू दिले. इस्त्री फिरवली नाही. जिथे घडी फाटली होती तिथे जपानी टिश्यू (पातळ पण चिवट कागद) आणि गव्हाच्या खळीने जोड देता येतो, पण इथे दोन्ही बाजूंना लिहिलेले असल्याने जोडाखाली अक्षरे जाण्याचा धोका होता. तसे तुकडे न चिकटवता पारदर्शक पॉलिस्टर पाकिटात जुळवून ठेवले. पीव्हीसीचे पाकीट मात्र वापरू नये, त्यातून निघणाऱ्या द्रव्यांनी शाई आणि कागद बिघडतात.

स्कॅन 600 डीपीआयला (इंचाला 600 ठिपके), रंगीत, आणि चित्राचा तपशील न गमावणाऱ्या टिफ स्वरूपात केले. प्रत्येक घडीचे वेगळे चित्र घेतले आणि पोस्टाचे शिक्केही घेतले, कारण ज्या पत्रांवर तारीख नव्हती ती अमळनेरच्या शिक्क्यावरून लावता आली. तारखा लागल्यावर 3 डिसेंबरला युद्ध सुरू झाल्यानंतरची पोकळी स्पष्ट झाली. आईची पत्रे चालूच आहेत, आबांचे एकही नाही. 17 डिसेंबरला पश्चिम आघाडीवर युद्धविराम झाला, त्यानंतरचे त्यांचे पहिले पत्र अवघे चार ओळींचे आहे आणि त्याची घडी कोरी आहे. त्या पत्रात झाकून लिहिण्यासारखे काही उरलेच नव्हते: आजोबांनी मोठ्याने वाचायच्या मजकुरातच आबांनी आईचे नाव लिहिले आहे.

मूळ पत्रे आता आम्लरहित पाकिटांत, खोक्यात, घराच्या आतल्या भिंतीतील कपाटात आहेत. पत्र्याच्या छताखालच्या माळ्यावर ती ठेवण्याचा प्रश्नच नव्हता, कारण मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 अंशांजवळ जातो. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर खोके उघडून कसर, बुरशी पाहतो. चित्रांची एक प्रत नाशिकला बहिणीकडे आहे.

पत्रे कुणाला दाखवायची हा प्रश्न उरला होता. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार पत्राचा कागद मिळवणाऱ्याचा असला तरी मजकुरावरचा हक्क लिहिणाऱ्याचा, आणि त्याच्यानंतर वारसांचा असतो. आबांच्या पत्रांसाठी आम्ही भावंडांनी लेखी संमती दिली आहे. आईने मात्र शेती, पाऊसपाणी आणि गावाचा मजकूर अभ्यासकांना द्यावा, घड्या तिच्या हयातीत कुणालाही देऊ नयेत असे सांगितले आहे, आणि स्कॅनचे दोन वेगळे संच आम्ही त्याप्रमाणेच केले आहेत.