आमची वाटचाल: उद्यमबागेतनं पेशंटच्या सोप्यापर्यंत

आता आम्ही घरी व्यायाम करणाऱ्या पेशंटची हालचाल मोजणारा पट्टा बनवतो, पण आमचं मूळ काम उद्यमबागेतलं, म्हणजे बेळगावच्या औद्योगिक वसाहतीतलं. फौंड्री आणि हायड्रॉलिकवाल्यांच्या मशीनला सेन्सर बसवायचे, पॅनल वायरिंग करून द्यायचं. मग मेव्हण्याचा बाईकवर ॲक्सिडेंट झाला, मेंदूला मार लागला. ऑपरेशन झालं, दवाखान्यात फिजिओथेरपी पण चांगली झाली, पण डिस्चार्जनंतर खानापूरच्या आतल्या गावातनं रोज बेळगावला त्याला आणणार कोण? आणि हात हलवायला परत शिकायचं तर तीच हालचाल शेकडो वेळा करावी लागते, आठवड्यातनं एकदा येऊन काय होतंय.

सुरुवातीला किनेक्ट घेऊन बघितला. मायक्रोसॉफ्टनं २०१० मध्ये गेमसाठी काढलेला कॅमेरा, अंगाचे सांधे ओळखतो म्हणून फिजिओथेरपीवाल्यांनी पण वापरला. २०१७ मध्ये त्याचं उत्पादनच बंद झालं, तेव्हा ठरवलं की आपला पट्टा आपणच करायचा. आता एक मनगटाला, एक छातीला, आत ॲक्सिलरोमीटर आणि जायरो, म्हणजे हालचाल, कल आणि वळणं मोजणारे सेन्सर, घरातल्याच मोबाईलला ब्लूटूथनं जोडायचा.

छातीचा पट्टा कशाला असं सगळे विचारतात, आणि माझ्या मते खरं काम तोच करतो. पेशंटला फळीवर तांब्या ठेवायला सांगितलं की हात उठत नाही म्हणून तो कंबरेतनं मागं झुकतो, खांदा कानापर्यंत नेतो आणि तांब्या ठेवतो. घरातले खूश, पण हात होता तिथंच आहे. मनगट वर गेलं आणि छाती पण कलली तर आमचं ॲप ती हालचाल मोजतच नाही, "पाठ सरळ ठेवा काका, परत एकदा" एवढंच म्हणतं, मराठीत किंवा कन्नडमध्ये, घरात जी भाषा चालते ती.

घरात गेल्यावर बऱ्याच गोष्टी कळल्या. लोखंडी कॉट आणि वरचे पत्रे यामुळं होकायंत्राचा सेन्सर भलतीच दिशा दाखवतो, म्हणून तो काढून टाकला, कल मोजायला गुरुत्वाकर्षण पुरतं. मोबाईलचा कॅमेरा लावला तर नऊवारीत गुडघा दिसत नाही, तिथं पट्टाच बरा. मेंदूच्या उजव्या बाजूला मार असेल तर काही पेशंटचं डावीकडं लक्षच जात नाही, ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते, त्यांच्यासाठी स्क्रीनवरचा चेंडू मधनं सुरू करून रोज थोडा थोडा डावीकडं सरकवतो. आणि थकवा! बाहेरनं माणूस धडधाकट दिसतो पण थोड्या वेळातच लक्ष उडतं, म्हणून हालचाल ढिली पडत गेली की ॲप स्वतःच थांबवतं, घरच्यांनी "अजून एकदा कर की" म्हणून मागं लागू नये, ही माझी कळकळीची विनंती.

कुठला व्यायाम, किती वेळा, हे फिजिओच ठरवणार, त्यांच्या सहीशिवाय आम्ही पट्टा देत नाही. सध्या निपाणी-चिकोडीकडच्या फिजिओंशी बोलणं चालू आहे, पट्टा विकण्यापेक्षा महिन्याच्या भाड्यानं द्यायचा विचार आहे, कारण हात सुधारला की तो कपाटात पडून राहणार, त्यापेक्षा पुढच्या पेशंटच्या घरी जाऊ दे.