हे ॲट्रिब्यूट कोणाचे?

आमच्या कंपनीत विजेच्या मीटरकडून येणारी मोजमापे गोळा करून पुढे पाठवणारे एक छोटे उपकरण तयार होते. त्यावर लिनक्स चालते आणि त्यातला बहुतेक प्रोग्राम सी भाषेत आहे. मीटरकडून आलेले बाइट वाचून त्यांचा अर्थ लावणारा भाग मात्र आम्ही रस्टमध्ये लिहिला आहे, कारण बाहेरून येणाऱ्या आणि वाटेत केव्हाही बिघडू शकणाऱ्या माहितीशी सर्वांत आधी गाठ पडते ती त्याच भागाची. हा भाग स्टॅटिक लायब्ररी म्हणून तयार होतो आणि लिंकर तो सीच्या प्रोग्रामला जोडतो. दोन भाषांच्या या सीमेवर कोणते फंक्शन कोणत्या नावाने बाहेर दिसेल आणि कोणत्या स्ट्रक्टची, म्हणजे एकत्र बांधलेल्या क्षेत्रांच्या गटाची, मेमरीतली मांडणी कशी असेल, हे ठरवतात ती ॲट्रिब्यूट, म्हणजे फंक्शनच्या किंवा स्ट्रक्टच्या डोक्यावर #[ ] अशा कंसात लिहिलेल्या त्या लहानशा ओळी.

२० फेब्रुवारी २०२५ रोजी रस्टची १.८५ ही आवृत्ती आली आणि तिच्याबरोबर भाषेचे ‘२०२४ एडिशन’ (भाषेच्या नियमांचा नवा संच) स्थिर झाले. पुढे काही आठवड्यांनी आम्ही आमची लायब्ररी त्या एडिशनवर न्यायचे ठरवले. हे काम ज्यांनी स्वतःहून मागून घेतले, ते आमच्या गटातले सर्वांत ज्येष्ठ अभियंते. त्यांची सगळी कारकीर्द सीमध्ये गेली आहे. डिसेंबर २०२२ मध्ये ६.१ आवृत्तीपासून लिनक्स कर्नलमध्येच रस्टला जागा मिळाल्यापासून ही भाषा नीट शिकायची त्यांची इच्छा होती. एडिशन बदलण्यासाठी कार्गो या रस्टच्या बिल्ड करण्याच्या साधनात आपोआप दुरुस्ती करणारी सोय आहे, पण सरांनी ती मुद्दाम बाजूला ठेवली. “यंत्राने बदललेलं मला वाचता येईल, पण कळणार नाही,” असे ते म्हणाले आणि मला ते पटले. त्याच ओघात त्यांनी एका लांबलचक फाइलचे मॉड्यूलमध्ये विभाजनही केले. एरर आल्या की माझ्याकडे यायचे, एवढे आमच्यात ठरले होते.

पहिल्या बिल्डला एकच एरर आली. मुख्य फाइलच्या अगदी शेवटच्या ओळीकडे बोट दाखवून कंपायलर म्हणत होता की, या फाइलमध्ये कुठेतरी उघडलेला कंस बंद झालेला नाही. शेवटच्या ओळीत अर्थातच काहीही चुकलेले नव्हते. कंस बंद होण्याची वाट पाहत कंपायलर फाइलच्या टोकापर्यंत पोहोचला आणि तिथे त्याला थांबावे लागले, एवढाच त्या ओळीचा अर्थ. खरी उपयोगाची खूण त्याच संदेशात वर दिलेली असते: अमुक कंस अमुक कंसाशी जुळतो आहे खरा, पण दोघांच्या ओळींचे अंतर डावीकडून सारखे नाही, म्हणून इथे शंका घ्या. सरांना ती खूण दाखवताच त्यांनी कंस घातला आणि पुन्हा बिल्ड केली. या वेळी पडदाभर एरर उमटल्या.

“एक दुरुस्त केली तर इतक्या वाढल्या,” सर म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, पण आपण काहीतरी बिघडवले असावे अशी शंका होती. मी म्हटले, “सर, या वाढलेल्या नाहीत. मघाशी कंपायलर इथवर पोहोचलाच नव्हता.” कंस जुळत नसतील तर फाइलचे तुकडे कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात हेच ठरत नाही, त्यामुळे पुढची कोणतीही तपासणी सुरू होऊ शकत नाही. कंस जुळले की व्याकरण तपासले जाते, मग मॅक्रो (कोड तयार करणारे साचे) उलगडले जातात आणि नावांचा शोध लागतो. ॲट्रिब्यूट योग्य वस्तूवर बसले आहे का, प्रकार जुळतात का, उसनवारीचे (एकाच माहितीला कोणी, केव्हा हात लावायचा याचे) नियम पाळले आहेत का, या तपासण्या त्याच्याही नंतरच्या. हा क्रम माहीत असला की एररचे शब्द वाचूनच ती कोणत्या टप्प्यावरून आली याचा बराचसा अंदाज येतो. नव्याने शिकणारा माणूस एरर मोजतो आणि आकडा वाढला की खचतो. माझ्या मते त्याला पहिल्याच दिवशी सांगायला हवे ते हेच.

त्या यादीत सगळ्यांत वर होते एक उद्गारचिन्ह. आमच्या मुख्य फाइलच्या माथ्यावर #![डिनाय(...)] अशी एक ओळ आहे. अनसेफ फंक्शनच्या (ज्याच्या सुरक्षिततेची हमी कंपायलर नव्हे, लिहिणारा देतो अशा फंक्शनच्या) आतली प्रत्येक धोक्याची क्रिया वेगळ्या अनसेफ खंडात लिहिलेली नसेल तर बिल्ड थांबवावी, असा तिचा आदेश आहे. नव्या एडिशनमध्ये अशा ठिकाणी मुळातच वॉर्निंग मिळते, पण आम्हाला एरर हवी आहे. फाइल हलवताना सरांनी बाहेरची नावे आणणाऱ्या ‘यूज’च्या ओळी तिच्या वर नेल्या होत्या. त्यामुळे ती ओळ आता एका फंक्शनच्या डोक्यावर आली आणि इथे आतले ॲट्रिब्यूट चालणार नाही, असे कंपायलरने सांगितले. उद्गारचिन्ह असलेले ॲट्रिब्यूट आपल्याला वेढणाऱ्या वस्तूला लागू होते, म्हणजे इथे संपूर्ण क्रेटला (आमच्या सगळ्या लायब्ररीला), आणि म्हणून ते इतर सगळ्याच्या आधी यावे लागते. उद्गारचिन्ह नसलेले लागू होते ते आपल्या लगेच खाली येणाऱ्या वस्तूला. तीन तिरक्या रेघांच्या आणि दोन रेघा व उद्गारचिन्हाच्या दस्तऐवजी टिप्पण्यांमध्येही हाच फरक आहे, कारण कंपायलरच्या दृष्टीने त्याही ॲट्रिब्यूटच असतात.

संदेशाच्या तळाशी मदतीची ओळ होती: फंक्शनला ॲट्रिब्यूट लावायचे असेल तर उद्गारचिन्ह काढा. सरांचा हात कळफलकाकडे गेला आणि मी त्यांना थांबवले. ते चिन्ह काढले असते तर एरर नक्की गेली असती आणि तिच्या जागी एक साधी वॉर्निंगसुद्धा आली नसती. फक्त सगळ्या क्रेटवर लागू असलेली शिस्त एका फंक्शनपुरती उरली असती. कंपायलरची सूचना चुकीची नव्हती. ‘लावायचे असेल तर’ ही अट तिने स्पष्ट घातलेली होती. पण आपल्याला काय लावायचे आहे, हे कंपायलरला कळण्याचा मार्ग नाही. तेव्हापासून दिवसभर मी सरांना प्रत्येक एररला एकच प्रश्न विचारत राहिले: हे ॲट्रिब्यूट कोणासाठी लिहिले होते?

पुढच्या एरर बाहेर दिसणाऱ्या फंक्शनांवरच्या होत्या. सीला आपले फंक्शन नावाने सापडावे म्हणून आम्ही त्यावर #[नो_मँगल] लिहितो. तसे लिहिले नाही तर रस्ट त्या नावाला आपल्या पद्धतीने लांबवतो आणि लिंकरला ते ओळखू येत नाही. २०२४ एडिशनमध्ये हेच #[अनसेफ(नो_मँगल)] असे लिहावे लागते. ‘एक्सपोर्ट_नेम’ आणि ‘लिंक_सेक्शन’ यांनाही तोच नियम आहे. सर म्हणाले, “फंक्शन तर दोन आकडे बेरीज करून परत देतं. यात धोका कुठला?” प्रश्न रास्त होता, म्हणून मी त्यावर थोडी रेंगाळले. धोका फंक्शनच्या आत नाही, नावात आहे. कोणी न कळत ‘मॅलॉक’ (सीमध्ये मेमरी मागून घेणाऱ्या फंक्शनचे नाव) या नावाचे फंक्शन असे बाहेर ठेवले, तर लिंकर सगळ्या प्रोग्रामला त्याच्याशी जोडू शकतो. मग अनसेफ हा शब्द एकदाही न लिहिता मेमरीचा विचका करणारा प्रोग्राम तयार होतो. हे नाव इतर कोणाच्या नावावर आदळणार नाही याची हमी लिहिणाऱ्यानेच द्यायची आहे, आणि ती दिल्याची नोंद म्हणजे हा शब्द. सरांनी सीमध्ये अशा नावांच्या टकरींचा पाठलाग करत रात्री घालवल्या आहेत, त्यामुळे यापुढे त्यांना काही पटवावे लागले नाही. बाहेरची फंक्शने जाहीर करणाऱ्या ‘एक्स्टर्न’ खंडांनाही आता अनसेफ म्हणावे लागते, ते त्यांनी न विचारता बदलून टाकले.

एका ठिकाणी त्यांनी जीसीसी या सीच्या कंपायलरच्या सवयीने #[पॅक्ड] (क्षेत्रांमध्ये रिकामी जागा न सोडण्याचा आदेश) लिहिले होते आणि त्यावर अशा नावाचे ॲट्रिब्यूट इथे सापडत नाही, ही एरर होती. जीसीसी अनोळखी ॲट्रिब्यूटवर वॉर्निंग देऊन पुढे जातो. रस्टला तसे करणे परवडत नाही, कारण त्याच्या दृष्टीने ते एखाद्या मॅक्रोचेही नाव असू शकते, आणि तो मॅक्रो खालचा सगळा कोड बदलून टाकू शकतो. म्हणून फंक्शनच्या नावाप्रमाणे त्याही नावाचा शोध घेतला जातो आणि ते सापडले नाही तर काम थांबते. रस्टमध्ये मेमरीतली मांडणी सांगणारे ॲट्रिब्यूट म्हणजे ‘रेप्र’. #[रेप्र(सी, पॅक्ड)] असे लिहिल्यावर ती एरर मिटली, पण पुढच्या टप्प्यावर ई०७९३ क्रमांकाची एरर उभी राहिली: घट्ट दाबलेल्या स्ट्रक्टमधल्या क्षेत्राचा रेफरन्स घेता येणार नाही, कारण तो योग्य पत्त्यावर असेलच असे नाही. आम्ही पॅक्ड काढूनच टाकले आणि आलेल्या फ्रेममधून एकेक आकडा बाइटांवरून वाचायचे ठरवले. त्यात बाइटांचा क्रमही स्पष्ट लिहिला जातो, त्यामुळे मला तेच अधिक सुरक्षित वाटते.

हे सगळे झाल्यावर एक एरर उरली, ई०५१७. तिचे म्हणणे असे की #[रेप्र(सी)] हे ॲट्रिब्यूट स्ट्रक्ट, इनम किंवा युनियनवर हवे आणि ते एका फंक्शनवर लावलेले आहे. फाइल विभागताना सरांनी एक छोटे मदतनीस फंक्शन वर सरकवले होते, आणि ते नेमके ॲट्रिब्यूटची ओळ व तिचे स्ट्रक्ट यांच्या मधोमध येऊन बसले होते. व्याकरणात ते पूर्ण बरोबर होते, नावही सापडत होते. शेजारी मात्र बदलला होता. फंक्शनवर रेप्र लावण्यात काही अर्थ नाही हे सरांना लगेच उमगले आणि ते म्हणाले, “मग ही ओळ इथे नकोच. काढू?”

मी पुन्हा तोच प्रश्न विचारला. सरांनी फाइल थोडी खाली सरकवली, स्ट्रक्ट पाहिले आणि हात मागे घेतला.

त्या स्ट्रक्टमध्ये तीन क्षेत्रे आहेत: मीटरच्या प्रकाराचा एक बाइट, मापनाचे चार बाइट आणि स्थितीचे दोन बाइट, याच क्रमाने. सीच्या नियमाने पहिल्या बाइटनंतर तीन बाइट रिकामे सोडले जातात, कारण चार बाइटांच्या आकड्याला चारच्या पटीतला पत्ता लागतो. शेवटी आणखी दोन रिकामे सुटतात आणि एकूण आकार १२ बाइट होतो. सीच्या हेडर फाइलमध्ये याच मांडणीचे स्ट्रक्ट आहे. रस्ट मात्र रेप्र(सी) नसताना क्षेत्रांचा क्रम राखायला बांधील नाही. जागा वाचवण्यासाठी तो त्यांची अदलाबदल करतो आणि हेच स्ट्रक्ट ८ बाइटांत बसवतो. आम्ही एक छोटा प्रोग्राम लिहून दोन्ही आकार छापून पाहिले: १२ आणि ८. ॲट्रिब्यूट काढून टाकले असते तर रस्टने ८ बाइटांची वस्तू तयार केली असती आणि सीने तिचा पॉइंटर घेऊन १२ बाइटांच्या हिशोबाने ती वाचली असती. मापन जिथे शोधायचे तिथे भलतेच काही असते, स्थितीचे बाइट तर वस्तूच्या बाहेर असते. असे स्ट्रक्ट सीच्या सीमेवर सुरक्षित नाही, अशी एक वॉर्निंग कंपायलरकडे आहे. पण आमच्यासारखे बाहेर दिसणारे फंक्शन ते पॉइंटरने घेत असेल, तर ती मिळेलच असे नाही. ई०५१७ हीच आम्हाला मिळालेली एकमेव सूचना होती. ती लिहिणाऱ्यांनी ती नुसती वॉर्निंग ठेवली नाही, याबद्दल मला त्या दिवशी मनापासून कृतज्ञता वाटली.

सर बराच वेळ त्या दोन आकड्यांकडे पाहत होते. मग म्हणाले, “उद्या कोणी ही ओळ खरोखरच काढली, तर कोण सांगेल?” त्यांच्या अनुभवाचे वजन मला इथे जाणवले, कारण मी ॲट्रिब्यूट जागेवर नेऊन थांबले असते. सीमध्ये २०११ च्या प्रमाणापासून ‘स्टॅटिक असर्ट’ (कंपाइल होतानाच अट तपासणारी सोय) आहे आणि सर ते नेहमी वापरतात. रस्टमध्ये तसे काय करता येईल, असे त्यांनी विचारले. स्थिरांकाच्या व्याख्येत ‘असर्ट’ लिहिले की ते कंपाइल होतानाच तपासले जाते. पण नुसता आकार पुरेसा नाही, सारख्याच आकारात क्षेत्रांचा क्रम बदलू शकतो, असे सरांनीच निदर्शनास आणले. म्हणून १.७७ आवृत्तीपासून स्थिर झालेला ‘ऑफसेट_ऑफ’ हा मॅक्रो वापरून आम्ही प्रत्येक क्षेत्राची जागाही नोंदवली: ०, ४ आणि ८. तेच आकडे सीच्या हेडरमध्येही घातले.

मग सरांनी रेप्र(सी) ची ओळ मुद्दाम पुसून बिल्ड चालवली. ई००८० आली, स्थिरांकाची किंमत काढताना असर्ट मोडले असे सांगणारी, आणि बाण नेमका आमच्या आकाराच्या ओळीवर होता. सरांनी ॲट्रिब्यूट परत लिहिले, या वेळी त्याच्या आणि स्ट्रक्टच्या मध्ये एकही रिकामी ओळ न ठेवता, आणि सीच्या बाजूच्या चाचण्या चालवायला घेतल्या.