तोंडापासून तीस मिलिमीटर

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील एका परवानाधारक शस्त्रदुरुस्ती कार्यशाळेत मी लेथ आणि मिलिंग सांभाळतो. परवाना आणि रजिस्टरातील नोंद जुळल्याशिवाय आमच्याकडे हत्यार टेबलावरही ठेवता येत नाही.

गेल्या पावसाळ्यात एक गृहस्थ मुलीच्या सरावाची पॉइंट बावीस, म्हणजे 0.22 इंची गोळीची, रायफल घेऊन आले. 50 मीटर तीन पोझिशन, म्हणजे गुडघा टेकून, झोपून आणि उभ्याने नेम मारण्याच्या स्पर्धेच्या वजनमर्यादेत ती बसत होती, त्यामुळे नियमाची अडचण नव्हती. उभ्याने नेम धरताना पुढचा भार तिला पेलत नव्हता. त्यांना बॅरलवर, म्हणजे नळीवर, सहा फ्लूट, म्हणजे बाहेरून कोरलेल्या लांब खाचा, हवे होते, आणि त्याने अचूकता वाढते अशी त्यांची खात्री होती. हा गैरसमज विक्रेत्यांनी जोपासलेला आहे. बॅरल कोरले की ते हलके होते आणि थोडा ताठपणा गमावते. ते ताठ ठरते ते तेवढ्याच वजनाच्या बारीक, गोल बॅरलच्या तुलनेत. पृष्ठभाग वाढल्याने ते लवकर निवते, पण धातू घटल्याने लवकर तापतेही, आणि पॉइंट बावीसमध्ये तापण्याचा प्रश्नच फारसा येत नाही. मी हे सांगत असतानाच मालक "होईल साहेब, शनिवारी घेऊन जा" असे म्हणून मोकळे झाले.

बॅरल 22 मिलिमीटर जाडीचे होते आणि गोळीला फिरकी देणारे आतले आटे बटन, म्हणजे कठीण धातूचा छोटा ठोकळा, नळीतून ओढून पाडलेले होते. या पद्धतीत धातू कापला जात नाही, दाबला जातो, त्यामुळे पोलादात ताण साठून राहतो आणि बाहेरचा थर काढला की आतले छिद्र किंचित सैल होऊ शकते. म्हणून मी आधी मऊ शिशाची गोळी गजाने नळीतून ढकलून पाहिली. ती सगळीकडे सारख्याच जोराने सरकली आणि तोंडाजवळ, म्हणजे गोळी बाहेर पडते त्या टोकाला, जराशी आवळली. पॉइंट बावीसमध्ये हा शेवटचा आवळपणा फार मोलाचा असतो.

काम समान कोनांत फिरवणाऱ्या डिव्हायडिंग हेडवर बॅरल बांधून मी 6 मिलिमीटरच्या गोल टोकाच्या बॉलनोज कटरने अडीच मिलिमीटर खोल आणि 400 मिलिमीटर लांब फ्लूट समोरासमोरच्या जोड्यांनी, हलके हलके कट घेत काढले. ते तोंडाच्या बरेच अलीकडे थांबवायचे माझ्या मनात होते, पण गृहस्थांना ते तोकडे दिसत होते, म्हणून मी तोंडापासून तीस मिलिमीटरपर्यंत गेलो. चौथ्या फ्लूटच्या वेळी कूलंटचा, म्हणजे कटर थंड ठेवणाऱ्या द्रवाचा, पंप अडकला. मी लगेच कटर उचलला, तरी तोवर निघणारा धातूचा कीस तापून निळसर झाला होता.

वजन सुमारे 200 ग्रॅमने घटले, खाचा आरशासारख्या उतरल्या, आणि पुन्हा ढकललेली शिशाची गोळी तोंडाजवळ आवळली नाही, सहज घसरली.

मी मालकांना सांगितले. ते म्हणाले, "टार्गेटवर कळतंय का ते बघू." वरळीच्या रेंजवर मुलीचे उभ्याचे गुण वाढले आणि आडवे झोपून काढलेले ग्रुप, म्हणजे टार्गेटवरचे गोळ्यांच्या छिद्रांचे पुंजके, थोडे पसरले. गृहस्थांनी पहिली गोष्ट आम्हाला ऐकवली आणि दुसरी गोळ्यांच्या लॉटवर, म्हणजे त्या खेपेच्या गोळ्यांवर, ढकलली. मालकांनी मान डोलावली आणि मीही गप्प राहिलो.

तो आवळपणा साठलेल्या ताणाने गेला की कीस निळा करणाऱ्या त्या उष्णतेने, हे आता बॅरल कापल्याशिवाय समजणार नाही. फ्लूट पाऊण वीत अलीकडे थांबवले असते, तर मला या दोहोंपैकी एकाचाही विचार करावा लागला नसता.