बाईंनी बदललेला शब्द

(माजी विद्यार्थिनी, दहावी १९८८)

'शाळेने मला काय दिलं यावर दोन पानं लिहा,' असं स्मरणिका समितीचं पत्र आलं. उत्तर माझ्यापाशी तयारच होतं. शाळेने मला कविता पाठ करायला लावल्या.

आमच्या मराठीच्या बाई पाठांतराला फार कडक. शनिवारी सकाळची शाळा आणि शेवटचा तास त्यांचा. एकेकीने फळ्यापाशी जायचं, पुस्तक बाकावर ठेवायचं आणि कविता म्हणायची. अडखळलं तर बाई पुढची ओळ सांगत नसत, नुसत्या थांबत. त्या शांततेत खालच्या घाटावर धुणं आपटल्याचा आवाज वर यायचा, तो अजून माझ्या कानात आहे. "वहीत नको, तोंडात बसू दे," असं त्या म्हणायच्या.

नववीत असताना माझी जिवलग मैत्रीण शाळा सोडून गेली. वडिलांची बदली झाली होती. ती माझी कोण होती हे सांगायला 'मैत्रीण' हा शब्द पुरत नव्हता आणि दुसरा शब्द मला ठाऊक नव्हता. दोन दिवस मी डबा उघडला नाही. मधल्या सुट्टीत बाईंनी शिक्षकखोलीच्या दाराशी बोलावून घेतलं. "काय गं, काय झालंय तुला?" मला सांगता येईना. तोंडातून आली ती पाठ केलेल्या कवितेतली दोन कडवी. बाईंनी ती शेवटपर्यंत ऐकली, मग आपल्या डब्यातली अर्धी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी माझ्या हातावर ठेवून म्हणाल्या, "आधी खा." पुढे एका शब्दाने विचारलं नाही.

पुढे चौदा-पंधरा वर्षांनी मी न्यूयॉर्कच्या हंटर कॉलेजात शिक्षकाची पदवी घेत होते. तिथल्या ग्रंथालयात ऑड्री लॉर्ड या कृष्णवर्णीय अमेरिकी कवयित्रीची एक मुलाखत हाती लागली. तिने सांगितलं होतं की लहानपणी कुणी 'कशी आहेस?' असं विचारलं की ती पाठ असलेली एखादी कविता म्हणून दाखवायची. जे सांगायचं ते त्या कवितेत कुठेतरी असायचं. मनातलं सांगणाऱ्या कविता पाठ केलेल्यांत सापडेनाशा झाल्या तेव्हा, बारा-तेरा वर्षांची असताना, ती स्वतः लिहायला लागली. मी पुस्तक मिटलं आणि वाचनकक्षात बसून रडले. शिक्षकखोलीच्या दारातली ती मधली सुट्टी न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतल्या एका मुलीनेही अनुभवली होती तर!

ऑड्रीचा जन्म १८ फेब्रुवारी १९३४चा, न्यूयॉर्कमधला. आईवडील कॅरिबियन बेटांवरून आलेले, वडील बार्बाडोसचे आणि आई ग्रेनडाजवळच्या कॅरियाकूची. मुलीची दृष्टी इतकी अधू की जाड भिंगांच्या चष्म्याशिवाय काही दिसायचं नाही, आणि बोलायलाही ती उशिराच लागली. चार वर्षांची असताना १३५व्या रस्त्यावरच्या ग्रंथालयात जमिनीवर लोळण घेऊन तिने आकांत मांडला होता. तिथल्या ग्रंथपाल ऑगस्टा बेकर जवळ आल्या आणि तिला गोष्टी वाचून दाखवू लागल्या. गोष्टी संपल्यावर पोर म्हणाली, मला वाचायचंय. आपल्या नावातलं शेवटचं 'वाय' हे अक्षर रेघेच्या खाली लोंबतं, ते आवडत नाही, म्हणून तिने तेव्हाच ते काढून टाकलं. दुरेघी वहीत 'ऊ'ची शेपटी खाली गेली की आपल्या बाई लाल रेघ मारायच्या, ते मला इथे आठवतं.

हायस्कुलात असताना तिने एक प्रेमकविता लिहिली. शाळेच्या नियतकालिकाने ती नाकारली, तर तिने ती थेट मुलींच्या एका मोठ्या मासिकाकडे पाठवली आणि तिथे ती छापून आली! पुढची वर्षं ओढाताणीची गेली. कारखान्यात काम केलं, हंटरमधून बीए केलं, कोलंबियातून ग्रंथपालाची पदवी घेतली, ग्रंथालयात नोकरी केली. १९६२ साली लग्न झालं, दोन मुलं झाली, १९७०मध्ये घटस्फोट झाला. १९६८ साली, पहिला संग्रह आला त्याच वर्षी, ती मिसिसिपीतल्या टूगालू कॉलेजात सहा आठवडे कविता शिकवायला गेली. समोर सगळी कृष्णवर्णीय मुलं होती. शिकवणं हे आपलं काम आहे हे तिला तिथे उमगलं. फ्रान्सिस क्लेटन ही तिची पुढच्या अनेक वर्षांची जोडीदारही तिला तिथेच भेटली.

तिच्यातल्या शिक्षिकेबद्दल मला जरा जास्त सांगायचं आहे, कारण मीही शिक्षिका आहे. न्यूयॉर्कला परतल्यावर ती जॉन जे कॉलेजात शिकवू लागली. तिथे पोलिस शिकायला यायचे, बरेचसे गोरे, आणि कमरेला पिस्तूल लावूनच वर्गात बसायचे. अशा वर्गात ही कृष्णवर्णीय बाई उभी राहून वर्णद्वेषावर बोलायची. त्याच काळात तिने एका स्त्रीवरच्या प्रेमाची कविता लिहिली. ती मासिकात छापून आली तेव्हा तिने ते पान फाडून इंग्रजी विभागाच्या भिंतीवर लावलं. सहकाऱ्यांनी रोज येता-जाता वाचावं म्हणून! मी माझ्या शाळेत सहा वर्षं माझ्या जोडीदाराला 'रूममेट' म्हणत होते. ही हकिकत वाचल्यानंतरच्या सोमवारी मी आमच्या दोघींचा फोटो टेबलावर ठेवला. हात थरथरत होते. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी एवढंच विचारलं, "हा समुद्र कुठला?"

मी शिकवते ती शाळा न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात आहे. तिथून जवळच, साउथ जमैका नावाच्या वस्तीत, २८ एप्रिल १९७३च्या पहाटे क्लिफर्ड ग्लोव्हर हा दहा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा एका पोलिसाच्या गोळीने मेला. सावत्र वडिलांबरोबर त्यांच्या कामावर चालला होता तो. पुढच्या वर्षी पोलिस निर्दोष सुटला. ज्यूरीत अकरा गोरे पुरुष आणि एक कृष्णवर्णीय स्त्री होती. ऑड्री गाडी चालवत होती आणि निकाल रेडिओवर लागला. संतापाने तिला पुढे जाता येईना, गाडी कडेला घेऊन तिने वहीत जे खरडलं त्याची पुढे कविता झाली. दहा वर्षांचा मुलगा म्हणजे आमच्या पाचवीतला. माझ्या वर्गात त्या वयाची एकोणतीस मुलं बसतात, त्यामुळे ही कविता मला आजही आवाज न कापता म्हणता येत नाही.

स्वतःची ओळख ती एका दमात सांगायची: कृष्णवर्णीय, लेस्बियन, आई, लढवय्यी, कवयित्री. यातलं एकही गाळायला ती तयार नव्हती. गोऱ्या स्त्रीवाद्यांच्या सभेत ती वर्णद्वेषाबद्दल बोलायची, आणि कृष्णवर्णीयांच्या चळवळीत स्त्रियांवर प्रेम करणाऱ्या स्त्रियांबद्दल. दोन्हीकडे लोकांना ती अडचणीची वाटायची. १९७४ साली एका मोठ्या राष्ट्रीय पुरस्काराच्या यादीत तिचं नाव होतं. ॲड्रिएन रिच आणि ॲलिस वॉकर या लेखिकाही त्या यादीत होत्या. कुणालाही मिळाला तरी तो सगळ्या स्त्रियांच्या वतीने घ्यायचा असं तिघींनी आधीच ठरवलं होतं. पुरस्कार रिचला मिळाला आणि ते निवेदन तिने मंचावरून वाचलं.

१९७८मध्ये तिला स्तनाचा कर्करोग झाला, स्तन काढावा लागला. दहा दिवसांनी टाके काढायला गेली तर परिचारिका म्हणाली, इथे येताना तरी कृत्रिम स्तन लावत जा, नाहीतर इथल्या लोकांच्या मनोधैर्यावर परिणाम होतो. ऑड्रीने नकार दिला. डोळ्यावर पट्टी बांधणाऱ्या मोशे दायान या इस्रायली सेनानीला काचेचा डोळा बसव असं कुणी म्हणतं का, असा तिचा सवाल होता. माझ्या मावशीचं असंच ऑपरेशन झालं होतं. नंतरची अकरा वर्षं ती पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट लपेटून वावरली, उन्हाळ्यातसुद्धा. ऑड्रीने या आजारावर लिहिलेलं 'द कॅन्सर जर्नल्स' हे पुस्तक मावशीच्या हयातीत मी तिला मराठीत वाचून दाखवायला हवं होतं. ते राहून गेलं, याचं मला दुःख आहे.

कर्करोगानंतर चौदा वर्षं ऑड्री जगली आणि थांबली नाही. लेखिका बार्बरा स्मिथ आणि इतर मैत्रिणींबरोबर तिने गोऱ्या नसलेल्या स्त्रियांची स्वतःची प्रकाशनसंस्था उभी केली आणि संस्थेच्या नावातच स्वयंपाकघरातलं टेबल ठेवलं, कारण बायकांची खरी कामं आणि खरी बोलणी तिथेच होतात. १९८४पासून बर्लिनमध्ये शिकवलं, जर्मनीतल्या कृष्णवर्णीय मुलींना लिहितं केलं. १९९१ साली न्यूयॉर्क राज्याची कवी म्हणून तिची निवड झाली. १७ नोव्हेंबर १९९२ला सेंट क्रॉय बेटावर ती गेली. आता हंटर कॉलेजच्या कोपऱ्यावर तिच्या नावाची पाटी आहे. मी शिकत होते तेव्हा ती नव्हती.

आता पुन्हा बाईंकडे येते. ६ सप्टेंबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७चा निकाल दिला. सज्ञान माणसांचं परस्परसंमतीचं समलिंगी नातं आता गुन्हा राहिलं नाही. दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला. "पेपरात वाचलं. तुझीच आठवण झाली गं. बरी आहेस ना?" आणि मग, "ती कोण आहे, नाव काय तिचं?" मी बाईंना कधी काही सांगितलं नव्हतं. अर्ध्या भाकरीच्या दिवशीच त्यांना कळलं होतं!

गेल्या दिवाळीत मी त्यांना ऑड्रीची एक कविता फोनवर म्हणून दाखवली, मराठी मीच केलेली. पाठ केली होती, नाहीतर बाईंनी ऐकून घेतलं नसतं. जी माणसं कडेला उभी असतात, ज्यांना कुठलाच निर्णय निवांतपणे घेता येत नाही, लहानपणापासून भीतीच ज्यांना पाजली गेली, त्यांची ती कविता. गप्प राहिलं तरी भीती सुटत नाहीच, मग बोललेलं बरं, असं ती म्हणते. पहिल्या ओळीत मी 'किनाऱ्यावर राहणारी माणसं' म्हटलं होतं. बाईंनी तिथेच थांबवलं.

"किनारा नको गं. किनाऱ्यावर माणसं फिरायला जातात. काठावर म्हण. आपण काठावरची माणसं, पाणी चढलं की आधी आपल्या दारात येतं."

कृष्णेच्या पुरात बाईंच्या घरात दोनदा पाणी शिरलं आहे. त्यांना ते सांगायचा हक्क आहे.

शाळेच्या ग्रंथालयासाठी ऑड्रीची तीन पुस्तकं पाठवते आहे. सोबत दोनशे पानी वही आहे, तिच्यात पंधरा कवितांचं मी केलेलं मराठी आहे. 'किनारा' खोडून वर 'काठ' लिहिलेलं पान तसंच ठेवलं आहे. बाईंना आता जवळजवळ दिसत नाही. नववीतल्या एखाद्या मुलीने शनिवारी त्यांच्याकडे जाऊन ही वही वाचून दाखवावी. जाताना पेन्सिल घेऊन जा, बाई मध्येच थांबवतील.